आठवड्यातून एक दिवस कोरडा!

वस्तीत डेंग्यूचा रुग्ण आढळला, की पालिकेने धूरफवारणी केली नाही, अशी तक्रार होते. मात्र, धुराने केवळ उडणारे डास मरतात; पाण्यातील अळ्या तशाच राहतात. डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी प्रामुख्याने घरातील साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते. कुंडीखालची ताटली, फ्रीजमागचा ट्रे, कूलर, गच्चीवरील टायर ही तिची आवडती ठिकाणे. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः सात ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळावा लागतो. भांडी रिकामी करून आतून घासावीत; कडेला चिकटलेली अंडी पाण्याविनाही काही महिने तग धरतात. हा डास फार दूर उडत नाही. त्यामुळे चावणारा डास बहुधा आपल्या किंवा शेजाऱ्याच्याच घरातला असतो.