मालिकांतला इतिहास आणि भीमेचा काठ

ऐतिहासिक मालिकेचे चित्रीकरण होते ती जागा आणि मूळ घटना घडली ती जागा, या दोन्ही मराठीत बहुधा वेगळ्या असतात. दैनंदिन मालिकेला रोज एक भाग द्यावा लागतो. त्यामुळे दरबार, महाल, बंदीखाना, तटाची एक बाजू असे सेट एकाच आवारात कायम उभे ठेवून आलटूनपालटून वापरले जातात. कर्जतचा एन. डी. स्टुडिओ हे त्याचे ठळक उदाहरण. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी तो २००५ मध्ये उभारला आणि २००८ मध्ये सुरू झालेली ‘राजा शिवछत्रपती’ तिथेच आकाराला आली. तिथले बुरूज प्लायवूड, फायबर आणि पीओपीचे. कॅमेऱ्यातून ते दगडाचे दिसतात आणि हवे तेव्हा हलवता येतात.

खऱ्या किल्ल्यात चित्रीकरण करण्यात अडचणी फार. संरक्षित स्मारकासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, खिळा ठोकता येत नाही. विजेचे खांब आणि मोबाईलचे मनोरे चौकटीत येतात, शेजारच्या शेतातला ट्रॅक्टर संवादांत घुसतो. बेटावरच्या किल्ल्यात तर सगळे सामान होडीने न्यावे लागते. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी ज्या जंजिऱ्याला वेढा घातला आणि किनाऱ्यापासून समुद्रात भराव टाकून जिथवर वाट नेण्याचा प्रयत्न केला, तिथे आजही होडीनेच जावे लागते. पावसाळ्यात तीही बंद असते.

तरीही मालिका संपली की प्रेक्षकाला जागा पाहायची ओढ लागते, आणि ती रास्त आहे. शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले दोन तालुके या दृष्टीने फार मोलाचे. भीमा ही दोघांमधली हद्द. झी मराठीवर २०१७ ते २०२० या काळात ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ चालली, तिचा शेवट ज्या घटनांवर होतो त्यांचा मोठा भाग याच नदीच्या काठी घडला. त्यात संभाजी महाराजांची भूमिका करणारे डॉ. अमोल कोल्हे मालिका चालू असतानाच, २०१९ मध्ये, शिरूर लोकसभा मतदारसंघातून निवडून आले.

पाहण्याचा क्रम घटनांच्या क्रमाने लावावा, म्हणजे अंतरांचा अर्थ लागतो. १ फेब्रुवारी १६८९ रोजी कोकणात संगमेश्वरला संभाजी महाराज आणि त्यांचे विश्वासू सल्लागार कवी कलश मोगलांच्या हाती सापडले. तिथून त्यांना घाट चढवून औरंगजेबाची छावणी असलेल्या बहादूरगडावर, म्हणजे पेडगावला, आणले. हा किल्ला भीमेच्या उत्तर काठावर आहे. कागदोपत्री तो अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीगोंदा तालुक्यात येतो, पण नदीपलीकडे दौंड तालुका आहे आणि रेल्वेने येणाऱ्याला दौंडच सोयीचे. मोगल सुभेदार बहादूरखान कोकलताश याच्या नावावरून पडलेले नाव मागे सारून आता त्याला धर्मवीरगड म्हणतात.

मालिकेतला गड म्हटला की डोंगर आलाच. पेडगावला डोंगर नाही, हा भुईकोट आहे. बचावासाठी इथे उंचीऐवजी नदी आणि तट वापरले आहेत. नदीच्या अंगाला मोटांची बांधकामे आहेत. भीमेचे पाणी मोटेने वर उपसायचे आणि नळांतून किल्ल्यात खेळवायचे, अशी ही व्यवस्था होती. उभ्या बांधकामाखाली थांबून वर पाहिले की पाणी किती उंच चढवावे लागे याचा अंदाज येतो. छावणीतली माणसे, घोडे, हत्ती या सगळ्यांची तहान त्यावर भागत असणार. पडद्यावर ही बाजू कधी येत नाही. तिथे छावणी म्हणजे चार तंबू आणि दोन मशाली.

किल्ल्याच्या आवारात मोगलांच्याही आधीची, यादवकाळाची देवळे आहेत. त्यांत लक्ष्मीनारायणाचे देऊळ सर्वांत देखणे. त्याच्या बाहेरच्या भिंतींवरची शिल्पे झिजली आहेत, काही भंगली आहेत, तरी मूर्तींची ठेवण आणि दागिन्यांचे काम जवळून स्पष्ट कळते. सेटवरचे नक्षीकाम एका साच्यातून निघते, म्हणून ते सगळीकडे सारखे असते. इथे एकाच ओळीतल्या दोन मूर्तींतही फरक आहे. पेडगावला निदान अर्धा दिवस द्यावा. घाईने पाहण्याची ही जागा नव्हे.

याच गडावर कैद्यांची विटंबना करून धिंड काढण्यात आली. पुढे औरंगजेबाचा तळ नदीने वर, तुळापूर-कोरेगावच्या बाजूला सरकला. भीमा आणि इंद्रायणीच्या संगमावरचे तुळापूर हवेली तालुक्यात येते. तिथले संगमेश्वराचे देऊळ नदीला लागूनच आहे. जवळचे वढू बुद्रुक शिरूर तालुक्यात असून संभाजी महाराजांची समाधी तिथे आहे. ११ मार्च १६८९ रोजी त्यांची हत्या झाली. पेडगाव, तुळापूर आणि वढू ही ठिकाणे एकामागोमाग पाहिली की त्या चाळीसेक दिवसांतली फरफट नकाशावर उमटते. मालिकेचे कितीही भाग पाहिले तरी ती अशी कळत नाही.

पेशवाईच्या मालिका पाहिलेल्यांसाठी याच तालुक्यांत आणखी जागा आहेत. शिक्रापूरहून उत्तरेला पाबळ लागते, तिथे मस्तानीची कबर आहे. २०१७ मध्ये सोनी वाहिनीवर ‘पेशवा बाजीराव’ आली, त्याआधी चित्रपटाने मस्तानीला आरसेमहालात नाचवले. पाबळची जागा मात्र अगदी साधी आहे. थाटमाट काही नाही. मस्तानीच्या महालाचे अवशेष पाहायचे तर पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावे. कोथरूडहून आणलेला तो भाग तिथे पुन्हा उभा केला आहे.

शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात. नोव्हेंबर १७६२ मध्ये राघोबादादांच्या फौजेने इथे थोरल्या माधवरावांच्या फौजेला मागे रेटले. पाठोपाठ भीमाकाठच्या आलेगावला पुन्हा लढाई झाली, आणि घर फुटू नये म्हणून माधवराव स्वतः चुलत्याच्या स्वाधीन झाले. दूरदर्शनच्या ‘स्वामी’त रवींद्र मंकणी यांचा माधवराव आणि मृणाल देव यांची रमा पाहिलेल्या पिढीला हा प्रसंग ठाऊक असतो. तो याच परिसरात घडला हे मात्र अनेकांना नवे वाटते. माधवरावांचे निधन १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला झाले. पुण्याहून दौंडला जाताना वाट थोडी वाकडी केली की थेऊर लागते.

निघण्यापूर्वी एक खातरजमा करावी. स्टुडिओ आहे ते कर्जत रायगड जिल्ह्यातले. दौंडपलीकडे भीमेच्या काठी सिद्धटेक ज्या कर्जत तालुक्यात आहे तो अहिल्यानगर जिल्ह्यातला. पेडगावला पाणी आणि टोपी बरोबर असावी, उन्हाळा टाळावा. देवळांतली शिल्पे हाताळू नयेत आणि तटावर नावे कोरू नयेत. मालिकेचा सेट मोडला तर नवा उभारता येतो, या भिंती पुन्हा बांधता येणार नाहीत. वढूला फाल्गुन अमावस्येला, बलिदान दिनी, मोठी गर्दी लोटते. समाधीपाशी शांत बसायचे असेल तर दुसरा दिवस निवडावा.