सातव्या दिवसानंतरचा जखमी

१९ मे २०२० च्या पहाटे यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात एक एस. टी. बस आणि एक ट्रक यांची टक्कर झाली. टाळेबंदीने रोजगार हिरावलेले परप्रांतीय मजूर त्या बसमधून सोलापूरहून नागपूरकडे निघाले होते. चौघे मेले. बातमीचे शेवटचे वाक्य नेहमीचेच होते : जखमींवर उपचार सुरू आहेत. ते उपचार पुढे कधी संपले, कसे संपले, की पैशावाचून मध्येच तुटले, हे कुणी छापत नाही. मेलेल्याची निदान मोजणी होते. जखमी माणूस मात्र आठवडाभरात बातमीतून, दवाखान्यातून आणि आपल्या चळवळीच्या नजरेतूनही निसटतो. या निसटलेल्या माणसाविषयी मला लिहायचे आहे.

आमच्या जिल्ह्यातून नागपूर-तुळजापूर महामार्ग जातो, पांढरकवड्याकडून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो, आणि वणी भागात कोळशाचे ट्रक रात्रंदिवस धावतात. याच रस्त्यांवरून वेचणीच्या दिवसांत बायामाणसे पिकअपमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, काळीपिवळीत कोंबून नेली जातात. ती कोणत्या वस्तीतली आणि कोणत्या तांड्यातली असतात, हे वाचकांना सांगायला नको. अपघात जात पाहून होत नाही हे खरे. पण मालगाडीत उभे राहून कुणी प्रवास करायचा, हे या व्यवस्थेने आधीच ठरवून ठेवलेले आहे.

जखमीला आधी ग्रामीण रुग्णालयात, तिथून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि फारच गंभीर असेल तर नागपूरला नेतात. जीव वाचतो. रॉड बसतो, टाके पडतात, कागद हातात मिळतो. खरी लढाई इथून सुरू होते. मांडीचे किंवा नडगीचे हाड जुळायला तीन-चार महिने, कधी त्याहून अधिक लागतात. मधल्या काळात एक्स-रे काढून ते सरळ जुळते आहे की नाही ते पाहावे लागते, आणि सांध्याला वेळेवर व्यायाम दिला नाही तर गुडघा आखडतो. खिडकीबाहेर कोपर ठेवून बसलेल्या प्रवाशाचे कोपर शेजारून घासून गेलेल्या ट्रकने चिरडते. तो हात पुन्हा वळायचा तर महिनोन्‌महिने व्यायाम हवा. समोरच्या फळीवर गुडघा आपटून खुब्याचा सांधा निखळला असेल, तर तो बसवल्यानंतरही रक्तपुरवठा तुटून हाडाचा गोळा पुढे वर्ष-दोन वर्षांत झिजू शकतो. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या मेंदूवर कधी कधी रक्त सावकाश साचते. दोन-तीन आठवड्यांनी तो विसरू लागतो, तोल जातो, झोपून राहतो. घरचे म्हणतात, धसका घेतला. मणका मोडलेल्याला दर दोन तासांनी कूस बदलून दिली नाही, तर पाठीला जखमा होतात, आणि त्या जखमाच त्याचा जीव घेतात.

माझ्या माहितीतल्या एका बाईचा पाय असाच मोडला होता. दीड महिन्यांनी तपासणीला या, असे कागदावर लिहिले होते. ती गेली नाही. जायचे म्हणजे तिचे आणि सोबतच्या माणसाचे भाडे, आणि सोबत्याची बुडालेली मजुरी. घरात आधीच एक मजुरी बंद झाली होती. पाय वाकडा जुळला. डॉक्टर तिला म्हणाले, ‘तुम्ही लोक वेळेवर येतच नाही.’ ‘तुम्ही लोक’ या दोन शब्दांत किती शतके मावतात!

सरकारने काहीच केलेले नाही, असे म्हणता येणार नाही. मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातातील जखमींसाठी रोकडरहित उपचारांची योजना लागू केली. तीत दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, पण अपघातापासून सातच दिवस. जीव वाचवण्यासाठी हे मोलाचे आहे. पण सात दिवसांत कुणाचे हाड जुळत नाही. पुढच्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार घेता येतो. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे विचारले पाहिजे. मात्र एस. टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी कोणत्याच खिडकीवर मिळत नाही.

ती मिळण्याची जागा म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. तिथे झालेल्या खर्चाबरोबर पुढे होणारा औषधोपचार आणि गेलेली कमाईची ताकदही मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात (२०१०) स्पष्ट केले की अपंगत्वाचा टक्का आणि कमाईचे नुकसान या एक गोष्टी नव्हेत. हात गेलेला कारकून कदाचित नोकरीत टिकेल. हात गेलेल्या सुताराचे सगळेच गेले. कापूस वेचणारीच्या बोटांनाही हाच न्याय लावून मागितला पाहिजे. दोन्ही चालकांची चूक असली तरी प्रवासी कोणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो, हे खेन्येई खटल्यात (२०१५) ठरले आहे.

पण एक फट मोठी आहे. मालवाहू गाडीत नुसता प्रवासी म्हणून बसलेल्याची जबाबदारी त्या गाडीच्या विमा कंपनीवर नाही, असे आशा राणी खटल्यात २००२ साली ठरले. म्हणजे नाइलाजाने पिकअपमध्ये चढलेला मजूर तिथेही बाहेरच. तरीही चूक समोरच्या ट्रकची असेल, तर त्या ट्रकच्या विमा कंपनीची जबाबदारी टळत नाही. हे माहीत नसल्यामुळे माणसे दावाच करीत नाहीत.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी एवढे तरी करावे. प्रथम खबर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि औषधाची प्रत्येक पावती एका पिशवीत जपायला सांगावी. दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना, स्त्रियांना आणि अपंगांना १९८७ च्या कायद्याने, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. आणि तपासणीच्या तारखेला जखमीसोबत कुणीतरी जावे.

१९२९ साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी अस्पृश्याला बसवून न्यायचे नाकारले. म्हणून वस्तीतल्याच एका नवख्या माणसाने टांगा हाकला, आणि बाबासाहेब पुलावर खाली फेकले गेले. पाय मोडला, काही दिवस ते अंथरुणाला खिळले. तो अपघात घोड्यामुळे झाला नव्हता, हे त्यांनी जगाला सांगितले. आमच्या रस्त्यांवरचे अपघातही नुसते ट्रकमुळे होत नाहीत, आणि त्यातली माणसे नुसत्या जखमेने अपंग होत नाहीत. दुसऱ्या तपासणीला ती पोचत नाहीत, म्हणून अपंग होतात. तिथवर त्यांना पोचवणे हे चळवळीचेच काम आहे.