एक्सलेटर वायरवर गेला, ब्रेक अजून तेलावरच आहे

शहापूर-मुरबाडकडे नवी गाडी घेणाऱ्याला कुणीतरी सांगतंच : ‘आता सगळं वायरवर चालतं. घाटात बॅटरी गेली की ना ब्रेक, ना स्टीअरिंग.’ एकीकडे कसारा घाट, दुसरीकडे माळशेज. इथे ही भीती लगेच पटते. पण ती चुकीच्या जागी आहे.

साध्या गाडीत वायरवर गेला तो मुख्यतः एक्सलेटर. पूर्वी पेडलपासून इंजिनापर्यंत केबल जायची. आता पेडल किती दाबलं ते सेन्सर मोजतात, कॉम्प्युटर ते वाचतो आणि पेट्रोल गाडीत छोटी मोटर हवेची झडप उघडते. डिझेलमध्ये तो थेट इंधनाचं प्रमाण ठरवतो. बीएमडब्ल्यूने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत महागड्या गाडीत आणली. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, धुराचा हिशेब काटेकोर झाला आणि आता ती आपल्या बहुतेक नव्या गाड्यांत आहे.

ब्रेकचं पेडल मात्र अजून तेलाच्या दाबाने चाकापर्यंत पोचतं, आणि स्टीअरिंगचा दांडा चाकांना जोडलेलाच असतो. काही हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत ब्रेकचा दाब आधी कॉम्प्युटर वाचतो, पण तिथेही तेलाचा पर्यायी मार्ग ठेवतात. इंजिन बंद पडलं तर जाते ती मदत. ब्रेकला मदत करणाऱ्या बूस्टरमध्ये उरलेल्या जोरावर एक-दोनदा पेडल हलकं दाबलं जातं, मग ते कडक होतं; स्टीअरिंग जड होतं. म्हणून भरल्या गाडीने घाट उतरताना इंजिन बंद करणं जिवावरचा खेळ आहे. न्यूट्रल मारूनही इंधन वाचत नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून एक्सलेटरवरून पाय काढला की उतारावर कॉम्प्युटर इंधन तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते सोडावंच लागतं, शिवाय इंजिनाचा ब्रेक हातचा जातो.

‘सेन्सर बिघडला की गाडी सुसाट सुटते’, हा दुसरा समज. पेडलवर सहसा दोन सेन्सर असतात. त्यांची मापं जुळली नाहीत की कॉम्प्युटर ताकद कमी करतो आणि चेक लाइट लावतो. गाडी पळत नाही, रखडते. २००९-१० मध्ये अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात म्हणून लाखो गाड्या परत मागवल्या गेल्या. नासाच्या अभियंत्यांनी तपासलं. २०११च्या अहवालात इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही, अडकणारं पेडल आणि पायाखालची मॅट सापडली. तरीही २०१३ मध्ये ओक्लाहोमाच्या ज्यूरीने सॉफ्टवेअरबद्दलची तज्ज्ञाची साक्ष ऐकून कंपनीला जबाबदार धरलं. तेव्हा कॉम्प्युटर चुकतच नाही, असं मी म्हणणार नाही. पण पावसाळ्यात चिखलासाठी मॅटवर मॅट टाकतो, तो धोका आपल्या हातातला आहे.

खरे तोटे वेगळेच आहेत, आणि गावाकडे ते जास्त बोचतात. शेताजवळ उभ्या गाडीची वायर उंदीर कुरतडतो. कनेक्टरमध्ये पाणी शिरतं. पूर्वी केबल तुटली तर टोकावड्याचा किंवा खर्डीचा मेकॅनिक दुसरी बसवून देई. आता आधी स्कॅनर हवा, आणि कधी एका सेन्सरसाठी अख्खं पेडल बदलावं लागतं. रखडलेली गाडी टो करून कल्याणपर्यंत नेण्याचा खर्च शोरूमच्या किंमतपत्रकात दिसत नाही. ही तक्रार रास्त आहे. जुनी केबलही गंजायची, अडकायची, पण दुरुस्ती गावात व्हायची.

एक्सलेटरचं पेडल खरंच अडकलं तर ब्रेक एकदाच जोरात दाबून धरा, तो सोडून-सोडून मारू नका. गाडी न्यूट्रलमध्ये टाका. इंजिन ओरडलं तरी ओरडू द्या. इथे न्यूट्रल योग्यच, कारण इंजिनाची ताकद चाकांपासून तोडायची असते. गाडी कडेला पूर्ण थांबल्यावरच किल्ली फिरवा. चालत्या गाडीत किल्ली काढली तर स्टीअरिंग लॉक होऊ शकतं.