गृहीतक की निष्कर्ष?

व्यापारी घराण्यांतील अनेक मुले-मुली आज बँकांच्या स्पर्धा परीक्षांना बसतात. आयबीपीएसच्या प्रोबेशनरी ऑफिसर पदाच्या पूर्वपरीक्षेत तर्कक्षमतेचे ३५ प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात. चुकीच्या उत्तरासाठी त्या प्रश्नाचे पाव गुण वजा होतात. पुढे मुख्य परीक्षेच्या तयारीत ‘विधान व गृहीतक’ आणि ‘विधान व निष्कर्ष’ हे दोन प्रकार जुळ्या भावंडांसारखे समोर येतात आणि हुशार विद्यार्थीही तेथे फसतात.

दुकानावर फलक आहे : ‘दिवाळीनिमित्त प्रत्येक खरेदीवर १० टक्के सूट.’ आता ‘सवलतीमुळे ग्राहक आकर्षित होतात’ हे वाक्य घ्या. गृहीतक म्हणून ते बरोबर आहे. निष्कर्ष म्हणून चूक. दुकानदाराने ते मनात धरले, म्हणूनच फलक लावला. पण फलक लागला एवढ्यावरून ग्राहक आकर्षित झाले असे सिद्ध होत नाही. ‘५,००० रुपयांच्या खरेदीला ४,५०० रुपये पडतील’ हा मात्र खरा निष्कर्ष. गृहीतक विधानाच्या आधी असते, निष्कर्ष विधानानंतर येतो.

ओळखण्याची कसोटी सोपी आहे. गृहीतक नाकारून पाहावे : सवलतीने कोणीच आकर्षित होत नसेल, तर फलकाला अर्थच उरत नाही. ‘शेजारच्या दुकानात सूट नाही’ हे नाकारले तरी फलक टिकतो. म्हणून ते गृहीतक नव्हे. निष्कर्षाबाबत विचारावे : विधान खरे असूनही हे खोटे ठरू शकेल का? ठरू शकत असेल, तर तो निष्कर्ष नाही.

ही दृष्टी जैन न्यायाला परकी नाही. सिद्धसेन दिवाकरांच्या ‘न्यायावतारा’त हेतूचे लक्षण ‘अन्यथानुपपन्नत्व’ असे सांगितले आहे. अग्नीवाचून धूर संभवत नाही, म्हणूनच धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते.

परीक्षेत या गफलतीने पाव गुण जातो; पेढीवर भांडवल जाते. ‘या गिऱ्हाईकाने आजवर उधारी वेळेवर फेडली’ हे वहीतले विधान. ‘यापुढेही फेडेल’ हा त्यातून निघणारा निष्कर्ष नव्हे. ते उधार देणाऱ्याचे गृहीतक आहे. उधार जरूर द्यावी, परंतु आपण काय गृहीत धरले आहे, हे ओळखून द्यावी.