जुन्या ट्रकचे इंजिन बांधावे की सोडून द्यावे?

साखर कारखान्यांचा गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, आणि त्याआधी पावसाळ्यात गावोगावचे जुने ट्रक गॅरेजला लागतात. शेतकरी बैठकीत बियाणे-खतांचे बोलणे संपले की कुणीतरी हळूच विचारतोच, "साहेब, मिस्त्री म्हणतो फुल इंजिन काम करावं लागेल. पीककर्जाचे पैसे त्यात घालू का?"

शेतकरी बंधूंनो, खताचे पैसे इंजिनात घालू नका, हे तर आधीच सांगतो. मी काही गॅरेजचा मिस्त्री नव्हे, पण डिप्लोमाला असताना पंपाची डिझेल इंजिने खोलून जोडली आहेत आणि हिशेब मला कळतो.

आपल्याकडच्या जुन्या टाटा ट्रकमध्ये बहुतेक 697 इंजिन असते. सहा सिलिंडर आणि 97 मिलिमीटरचा बोअर, म्हणून 697. त्यात ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. ते पुन्हा बांधता येते यात शंका नाही. परवडते का, एवढाच प्रश्न.

धूर पाहून लगेच घाबरून जाऊ नका. काळा धूर म्हणजे बऱ्याचदा चोंदलेला एअर फिल्टर, खराब नोझल किंवा बिघडलेला पंप. त्यासाठी इंजिन खोलायची गरज नसते. गरम इंजिनातून पांढरा धूर सुटत राहिला, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले, ऑइल दुधाळ झाले, तर पाणी आत जाते आहे असे समजा. गॅस्केट गेले असेल किंवा हेडला चीर असेल. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण सैल करून बघा. तिथून जोराने धूर मारत असेल तर रिंगा-लायनर झिजले. सहाही सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेज लावून मोजून घ्या. एकच सिलिंडर मागे पडले असेल तर कदाचित व्हॉल्व्हचेच काम निघेल, सहाही पडले असतील तर मात्र खोलावेच लागते.

खोलल्यावर पैसे वाचवायची खरी जागा येते, आणि तिथेच आपण घाई करतो. लायनर-पिस्टनचा संच दुकानात मिळतो. क्रँक आणि ब्लॉक ही मात्र मोठी खर्चाची बाब. क्रँक घासून 0.25, 0.50, 0.75 आणि शेवटी 1 मिलिमीटर कमी मापाचे बेअरिंग बसवता येते. तुमचा क्रँक आधीच शेवटच्या मापावर असेल तर पुढे घासायला जागाच उरत नाही. म्हणून मिस्त्रीला आधीच बजावून ठेवा, की खोला, धुवा, लेथवाल्याकडून मापे कागदावर लिहून आणा, ब्लॉक-हेडला चीर आहे का ते तपासा, आणि तोवर एकही पार्ट आणू नका. काम तिथेच थांबवायचे ठरले तर खोलायची मजुरी द्यावी लागेल, ती द्यावी. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही.

आता हिशेब करू. समजा, सगळे मिळून दीड लाख लागणार आणि डिझेल, ड्रायव्हर, टायर, विमा जाऊन एका हंगामात हातात 50 हजार उरतात. म्हणजे तीन हंगाम नुसते फेडण्यात जाणार. तेवढे दिवस चेसिस, गिअरबॉक्स, हौदा टिकेल का? व्यावसायिक वाहनाला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागते आणि 15 वर्षांवरच्या गाड्यांची त्याची फी 1 एप्रिल 2022 पासून बरीच वाढली आहे. चेसिस गंजलेली, कागद अपुरे आणि इंजिन मात्र नवे, अशी गाडी विकायला काढली तर इंजिनाचे पैसे कुणी देत नाही, बरं का. बांधण्याऐवजी दुसरे जुने इंजिन आणून बसवणार असाल तर त्याची पावती घ्या आणि आरटीओकडे परवानगी व नोंद करून घ्या. आरसीवरचा इंजिन नंबर जुळला नाही तर विम्याच्या दाव्यातही भांडण निघते.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. पंचायतीच्या मालकीच्या पाण्याच्या टँकरला 15 वर्षे झाली असतील तर 1 एप्रिल 2023 पासून त्याच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. हा नियम केंद्राचा असून सरकारी गाड्यांबरोबर पंचायतींनाही लागू आहे. अशा टँकरच्या इंजिन कामाचा ठराव मासिक सभेपुढे आला असेल, तर आधी त्याची आरसी मागवून नोंदणीची तारीख पाहा.