बावखल, गोठा आणि राजोडीची वाडी

शेतीच्या शाश्वत विकासाची चर्चा आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यापासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. मुंबईच्या वेशीवरचा वसई पट्टा त्यात क्वचितच येतो. पण तुकड्यांची जमीन, खारावलेलं पाणी, रिकामे गोठे आणि बांधापर्यंत येऊन ठेपलेलं शहर, हे सगळं राजोडी, कळंब, आगाशी, वटार या गावांत तासाभराच्या फेरीत पाहायला मिळतं.

२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातली सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर. वसईच्या वाडीचा हिशेब मात्र गुंठ्यांत चालतो. तेवढ्यात केळी, पानवेल, नारळ, चार वाफे भाजी आणि कुंपणाला सोनचाफा मावायचा. पहाटे खुडलेला चाफा लोकलने दादरच्या फुलबाजारात पोचायचा, आजही पोचतो. केळ्यांत वेलची खाण्याची आणि राजेळी सुकवण्याची. आगाशीची सुकेळी करायची म्हणजे पिकलेलं राजेळी सोलून उन्हात मांडायचं, संध्याकाळी झाकायचं, सकाळी पुन्हा पसरायचं. केळं आक्रसून तांबूस होईपर्यंत हे चालू. मध्येच अवकाळी आभाळ आलं की माल बुरसतो. हवामानबदलाचा फटका अहवालाआधी या मांडवावर दिसतो.

या वाडीचा खरा आधार बावखल. पावसाचं पाणी साठवणारी ही छोटी तळी जमिनीत गोडं पाणी मुरवतात. किनाऱ्याच्या वाळूत हे गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्याने त्यावर थर धरून राहतं. जनावराने ओढलेल्या रहाटाला जेवढं झेपायचं तेवढाच उपसा व्हायचा, म्हणून तो थर टिकला. पंप आले, त्यापाठोपाठ इमारतींना पाणी पुरवणारे टँकर आले. उपसा वाढला आणि बावखलं मात्र भराव व कचऱ्याने बुजत गेली. विहीर एकदा मचूळ झाली की आधी पानवेल जाते, मग केळी.

रहाटाबरोबर जनावरही गेलं, याची नोंद फारशी कुणी घेतली नाही. घरची म्हैस दूध द्यायची, शेण वाडीला जायचं, वाडीतलं गवत तिच्यापुढे पडायचं. आता तालुक्याच्या पूर्वेला महामार्गालगतच्या तबेल्यांत शेण ही डोकेदुखी आहे आणि पश्चिमेचा बागायतदार खताची गोणी विकत घेतो. देशभर हेच घडतंय: २०१९ च्या पशुगणनेत देशी गोवंश २०१२ च्या तुलनेत ६ टक्क्यांनी घटला. पीक आणि पशू यांची अशी फारकत करून शेती शाश्वत होईल, हे मला पटत नाही. तबेल्याचं शेण कुजवून वाडीपर्यंत आणण्याची वाहतूक कुणी उचलली, तर दोन्हीकडचा प्रश्न हलका होईल.

लोक गप्प बसले नव्हते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून पाणी आणि हिरवा पट्टा यांसाठी लढा दिला. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली तेव्हा गावं वगळावीत म्हणून आंदोलनं झाली. फादर २०२४ मध्ये गेले. त्यांनी मांडलेला पाण्याचा प्रश्न अजून तसाच आहे. नव्या पिढीतले काही गट बावखलांतला गाळ काढतात, लोकांना त्यांचं महत्त्व सांगतात, आणि मला त्यांच्याकडूनच आशा आहे.

खाजणातल्या, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीतल्या भातासाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने क्षारसहिष्णू वाण दिले आहेत. वाण उपयोगी आहेत, पण वाडीला गोडंच पाणी लागतं. किनाऱ्यावरचे रिसॉर्टही त्याच थरातलं पाणी पितात, तेव्हा पर्यटनाच्या उत्पन्नातला वाटा पुनर्भरणावर खर्च करायला त्यांना बांधून घेणं न्याय्य आहे. त्याहून निकडीचं काम कागदावरचं आहे: प्रत्येक बावखलाची मोजणी करून ते विकास आराखड्यात जलसाठा म्हणून दाखवणं, आणि भराव टाकणाऱ्याकडून तो त्याच्याच खर्चाने काढून घेणं.