पदवीची जमा अकरावीपासून

फर्ग्युसनला किंवा टिळक रस्त्यावरच्या स. प. महाविद्यालयात अकरावीत शिकणारा मुलगा ‘कॉलेजला जातो’ असं सांगतो, आणि ते खोटं नसतं. आवार तेच, फाटक तेच. फरक कागदोपत्री आहे: त्याची परीक्षा राज्य शिक्षण मंडळ घेतं, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठ्या मुलीची पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची असते. ही हद्द फार जुनीही नाही. अकरावीचं मॅट्रिक होतं तोवर त्यापुढचं पूर्वपदवी वर्ष विद्यापीठाकडे होतं. नवा आकृतिबंध आला, 1975 मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली आणि पुढे तेच वर्ष बारावी म्हणून मंडळाच्या ताब्यात गेलं. त्यामुळे बारावीतल्या हुशार मुलाला पदवीचा एखादा अभ्यासक्रम करू द्यावा आणि त्याचं क्रेडिट पुढे धरावं, ही सूचना पुण्याला परकी वाटायचं कारण नाही.

शिवाय, कोवळ्या वयात केलेला अभ्यास वरच्या पदवीत धरायची सवय महाराष्ट्राला आहेच. फक्त तिला कोणी क्रेडिट म्हणत नाही. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्याला अभियांत्रिकीच्या ‘डायरेक्ट सेकंड इयर’ला प्रवेश मिळतो. पदवीचं पहिलं वर्ष त्याने सोळा-सतराव्या वर्षी वर्कशॉपमध्ये केलं, असं आपण मान्य करतो. वर्षं वाचत नाहीत. बारावीवरून जाणाऱ्यालाही दहावीनंतर सहाच लागतात. पण डिप्लोमावाल्याच्या हातात मध्येच एक कामाची पात्रता येते. अभियंता होऊ पाहणाऱ्याला जी सवलत आहे, ती इतिहास, अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र शिकू पाहणाऱ्याला नाही. याचं शैक्षणिक समर्थन मला सापडत नाही.

यंत्रणा तर तयार आहे. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स जुलै 2021 मध्ये सुरू झाली. 2023 च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने शालेय शिक्षणही त्याच हिशेबात आणलं. त्यात बारावीचा स्तर 4 आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचा 4.5, म्हणजे अंतर अर्ध्या पायरीचं. राज्याच्या नव्या रचनेत पदवीच्या पहिल्या सत्राला 20 ते 22 क्रेडिट असतात, पण मुख्य विषयाची त्यात चार-सहाच. उरलेली जागा खुले ऐच्छिक विषय, भारतीय ज्ञान प्रणाली, कौशल्य, मूल्यशिक्षण अशा दोन-दोन क्रेडिटच्या तुकड्यांनी भरलेली आहे. या खिचडीबद्दल प्राध्यापकांच्या खोलीत फारसं चांगलं बोललं जात नाही. पण नेमके हेच तुकडे अकरावी-बारावीत उरकता येण्याजोगे आहेत. दोन क्रेडिट म्हणजे वर्गातले तीस तास: एका सत्रात आठवड्याला दोन. ते आधी झाले तर पदवीच्या पहिल्या वर्षी मुख्य विषयाला श्वास मिळेल. पदवी वर्षभर आधी हातात पडावी, हा यातला हेतू नसावा.

पहिला आक्षेप बारावीच्या ओझ्याचा. तो खरा आहे, पण सगळ्यांच्या बाबतीत नाही. जेईई-नीटच्या मागे लागलेली मुलं ज्युनिअर कॉलेजात बहुधा नावापुरतीच असतात. ती या वाटेला येणार नाहीत, येऊही नयेत. कला-वाणिज्यच्या मुलांच्या दिवसात मात्र जागा आहे. दुसरा आक्षेप जास्त बोचरा: हे शहरातल्या नामांकित कॉलेजांचं कौतुक होऊन बसेल, आणि जिथे अकरावी-बारावी गावच्या हायस्कूललाच जोडलेली आहे तिथल्या मुलीला काहीच मिळणार नाही. यावर उपाय ऑनलाइन आहे. एनपीटीईएलचे अभ्यासक्रम कुणालाही फुकट शिकता येतात, परीक्षेचं शुल्क 1,000 रुपये आहे, आणि बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला साधारण तीन क्रेडिट धरतात. अडतं ते पुढे, ते क्रेडिट स्वीकारणार कोण या प्रश्नावर. अमेरिकेत 1950 च्या दशकापासून ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ परीक्षा रुळलेल्या असूनही डार्टमथसारख्या विद्यापीठाने 2018 साली पदवीधर होणाऱ्या तुकडीपासून त्यांचं क्रेडिट देणं थांबवलं. स्वीकारणं कॉलेजच्या मर्जीवर सोडलं तर इथेही तसंच होईल आणि फटका बसेल तो गावच्या मुलीला. म्हणून विद्यापीठाने अशा अभ्यासक्रमांची यादी आधी जाहीर करावी आणि ती सर्व संलग्न कॉलेजांना बंधनकारक करावी. बँकेतलं क्रेडिट सात वर्षं टिकतं. सोळाव्या वर्षी कमावलेलं तेविसाव्यापर्यंत चालेल. मधे एखाद्या वर्षाचा खंड पडला तरी ते वाया जात नाही.